कोण, कसा, कोणाच्या हातून: ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ खेळताना

अग्निशेष (मूळ लेख)

१४ ऑक्टोबर १८०७ च्या पहाटे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेल्या फाल्मथ बंदरात ‘ओब्रा डिन’ हे व्यापारी जहाज वाऱ्याने वाहत येऊन लागते. शिडे फाटलेली आहेत आणि डेकवर जिवंत माणूस दिसत नाही. हे जहाज १८०२ मध्ये दोनशे टनांहून अधिक माल घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघाले होते आणि केप ऑफ गुड होपला ठरल्या वेळी न पोचल्यामुळे बुडाले असे धरले गेले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीतून एका निरीक्षकाला तातडीने जहाजावर धाडले जाते, आणि तो निरीक्षक म्हणजे खेळणारे आपण. लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्याने तयार केलेला हा खेळ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. मला तो भाच्याने गेल्या महिन्यात संगणकावर घालून दिला आणि तेव्हापासून माझी झोप कमी झाली आहे.

हा निरीक्षक पोलीस नाही, खासगी गुप्तहेरही नाही. तो विम्याचा माणूस आहे. मीही विम्याचाच माणूस असल्याने या खेळाबद्दल लिहावेसे वाटले. गेली बावीस वर्षे मी आगीच्या दाव्यांचे सर्वेक्षण करतो. जळालेल्या गोदामात शिरताना मी प्रथम छताकडे पाहत नाही, दाराबाहेरच्या चपला मोजतो. भिवंडीजवळच्या एका कापडाच्या गोदामात मालकाचे म्हणणे होते की आग लागली तेव्हा आत कोणीच नव्हते. दाराशी मात्र अकरा जोड पडले होते आणि त्यांतला एक लहान मुलाचा होता. सगळे मागच्या बाजूने सुखरूप सुटले होते, पण मालकाचे पहिले वाक्य खोटे ठरले, आणि मग दुसरे ठरायला वेळ लागला नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगतो. आपल्याजवळ एक खिशातले घड्याळ असते. प्रेताजवळ ते उघडले की आधी पडदा काळा होतो आणि त्या माणसाच्या अखेरच्या क्षणांतले आवाज ऐकू येतात. मग मृत्यूचा तो एकच क्षण आपल्याभोवती गोठून उभा राहतो. गोळी नळीतून सुटलेली असते, कोणाचा हात वर गेलेला असतो, दिव्याची ज्योत वाकलेली असते, आणि या सगळ्यांमधून आपण हिंडायचे, वाकायचे, निरखायचे. त्या दृश्यात आणखी एखादे प्रेत दिसले तर त्याच्यावरून त्याहून मागच्या क्षणात जाता येते. त्यामुळे कथा शेवटाकडून आरंभाकडे उलगडते. जहाजावर ५१ कर्मचारी आणि ९ प्रवासी, म्हणजे एकूण ६० माणसे होती. सोबतच्या पुस्तकात त्यांची नामावली, हुद्दे, मूळ देश, जहाजाचे नकाशे आणि एका चित्रकाराने काढलेली सर्वांची रेखाचित्रे असतात. कोणता चेहरा कोणत्या नावाचा, तो कसा मेला आणि कोणाच्या हातून मेला, एवढे प्रत्येकापुढे भरायचे.

माझे अडले ते याच ‘एवढे’ या शब्दापाशी. पुस्तकात ‘का’ असा रकानाच नाही. आमच्या अहवालात ‘कारण’ असा रकाना असतो, पण तिथेही ‘शॉर्टसर्किट’ लिहितात. मालकाच्या डोक्यावर कर्ज किती होते ते लिहीत नाहीत. रहस्यकथेत हेतू सापडला की गुन्हेगार सापडतो, असे आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. इथे हेतू कितीही स्पष्ट कळला तरी त्याची नोंद करायला जागा नाही, आणि हेतू मुळीच कळला नाही तरी पान बरोबर भरते. मला ही उणीव वाटत नाही. कंपनी सरकारच्या कारकुनी नजरेतून साठ माणसांच्या मरणाकडे पाहायला लावणे हाच या खेळाचा मूळ बेत असावा, असे माझे मत झाले आहे. इतरांना काय वाटते ते वाचायला आवडेल.

एक प्रश्नही आहे. माझी ४५ नावे पक्की झाली आहेत आणि गेले चार दिवस त्यात एकाचीही भर पडलेली नाही. कृपया उत्तरे देऊ नयेत. दिशा दाखवली तरी पुष्कळ झाले.

निळी_शाई

लेख आवडला. मी हा खेळ दोन वर्षांपूर्वी पूर्ण केला, आणि तुमच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्ट तुम्हाला शेवटी दिसणार आहे. रहस्य न फोडता इतकेच सांगते की अखेरीस कंपनीचा हिशेब होतो. कोणाच्या वारसांना किती रक्कम द्यायची आणि कोणाच्या मालमत्तेतून किती दंड कापायचा, हे तुम्ही भरलेल्या रकान्यांवरून ठरते. ज्या माणसाने दुसऱ्याला वाचवताना कोणाला मारले आणि ज्याने लोभापायी मारले, ते दोघे त्या यादीत फार वेगळे दिसत नाहीत. मी ती यादी वाचताना रडले नाही, पण चहा निवून गेला.

तीन-तीनच्या नियमाबद्दल तुम्ही लिहिले नाहीत, म्हणून मी लिहिते. एक उत्तर बरोबर आले म्हणून खेळ काहीच सांगत नाही. तीन माणसांची संपूर्ण नोंद बरोबर जुळली की मगच ती हस्ताक्षरातून छापील अक्षरांत बदलते आणि पक्की होते. अंदाजपंचे ठोकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ही योजना आहे. तरीही मला कबूल केले पाहिजे की दोन नावांची पूर्ण खात्री असताना तिसऱ्या जागी मी एकामागून एक नावे फिरवून पाहिली आहेत. अशा रीतीने मिळवलेल्या नावाचा आनंद उधारीच्या साडीइतकाच टिकतो.

रात्रपाळी

मी संगणकाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे चित्रांविषयी थोडे. हा खेळ जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखा निव्वळ दोन रंगांत आहे; मधली करडी छटा नाहीच. जिथे सावली दाखवायची तिथे ठिपके दाट, जिथे उजेड तिथे विरळ. जुन्या वर्तमानपत्रातले छायाचित्र डोळ्यांशी नेऊन पाहिले की चेहरा नाहीसा होऊन ठिपकेच उरतात, तसाच हा प्रकार आहे. स्थिर चित्रात ही युक्ती सोपी असते. परंतु त्रिमितीय जगात मान वळवली की प्रत्येक ठिपका नव्याने मोजला जातो आणि सगळा पडदा मुंग्या सुटल्यासारखा वळवळू लागतो, ज्याने डोळे दुखतात. पोप यांनी यावर बराच काळ घालवला आणि ठिपक्यांची जाळी पडद्याला न चिकटवता पाहणाऱ्याच्या भोवती कल्पिलेल्या एका गोलाला चिकटवली. त्यामुळे मान फिरवली तरी ठिपके दृश्याबरोबर सरकतात. सेटिंगमध्ये आयबीएम, कमोडोर अशा जुन्या पडद्यांचे रंगही निवडता येतात. मी हिरवट छटेत खेळलो आणि पस्तावलो. मूळचीच उत्तम आहे.

याचा तपासाशी थेट संबंध आहे. रंग नसल्यामुळे रक्त लाल दिसत नाही आणि गणवेशाचा रंग सांगता येत नाही. मग बटणांची संख्या, टोपीचा आकार, दाढीची कड, बोटातली अंगठी, यांकडेच पाहावे लागते. चित्र जितके गरीब, तितकी नजर श्रीमंत व्हावी लागते.

नाखव्याची_लेक

माझे आजोबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते आणि पणजोबा आगबोटीवर खलाशी म्हणून परदेशी जात असत. त्यामुळे नामावलीत काही माणसांच्या पुढे ‘इंडिया’ हा मूळ देश वाचला तेव्हा मी तिथेच थांबले. आपल्याकडच्या खलाशांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. तो शब्द आपल्या ‘लष्कर’ या शब्दाच्याच कुळातला. त्यांच्या तुकडीचा मुख्य तो सारंग आणि त्याच्या हाताखाली तांडेल. इंग्रजी जहाजावर ज्याला बोसन म्हणतात त्याचे काम सारंगाकडे असे आणि बोसनच्या मदतनिसाचे तांडेलाकडे. खेळातल्या पुस्तकात बोसनच्या हुद्द्याखालची माणसे ओळखताना मी मनात हेच शब्द वापरत होते आणि ते मला फार उपयोगी पडले, कारण कोण कोणाला हुकूम देतो आणि कोण कोणाच्या शेजारी उभा राहतो, हे त्या उतरंडीवरून कळते.

हिंदुस्थानी खलाशी लंडनहून सुटणाऱ्या जहाजावर कसे, असे एखाद्याला वाटेल. तेव्हा फ्रान्सशी युद्धे चालू होती. पूर्वेला आलेल्या जहाजांवरचे गोरे खलाशी आजाराने मरत, पळून जात, किंवा शाही आरमार त्यांना जबरदस्तीने उचलून नेई, आणि परतीच्या प्रवासासाठी मुंबई, सुरत, कलकत्ता इथली माणसे भरली जात. लंडनला पोचल्यावर मात्र ती पुढच्या जहाजाची वाट पाहत गोदीलगतच्या वस्त्यांत अडकून पडत. त्यांच्या हालांची इतकी चर्चा झाली की १८१४-१५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला त्यांत लक्ष घालावे लागले. हे माहीत असल्यावर खेळातले दुसरे प्रकरण वेगळे दिसते. त्याच्या नावातच कडाक्याची थंडी आहे, आणि त्यात दोन हिंदुस्थानी खलाशी कोणाच्या हातून नव्हे, तर आजाराने मरतात. जहाजावर पुढे जे भयंकर घडते त्याच्या तुलनेत ती दोन मरणे किरकोळ वाटतात आणि बहुतेक खेळाडू ती चटकन भरून पुढे जातात. मी त्या दृश्यात पाऊण तास होते. मारणारा कोणी नाही, असे पुस्तक म्हणते. दक्षिण कोकणातून आलेल्या माणसाला पुरेशा कपड्यांशिवाय उत्तर अटलांटिकात कोणी नेले, हा प्रश्न अग्निशेष म्हणतात त्या न लिहिलेल्या रकान्यातला आहे.

अग्निशेष

नाखव्याची_लेक, तुमच्या प्रतिसादाने मी ते दृश्य काल रात्री पुन्हा उघडले. मीही ती दोन नावे चटकन भरणाऱ्यांपैकीच होतो.

चौकस_वाचक

सगळेच कौतुक करत आहेत म्हणून दोन आक्षेप नोंदवतो. पहिला असा की पुढे पुढे गोष्ट निव्वळ माणसांच्या वैराची राहत नाही, समुद्रातून अलौकिक गोष्टी वर येतात, आणि ज्याला शुद्ध तर्काची अपेक्षा आहे त्याचा थोडा विरस होतो. दुसरा इतिहासाचा. जहाज आठशे टनांचे आहे. त्या आकाराच्या ईस्ट इंडियामनवर, म्हणजे कंपनीच्या व्यापारी जहाजावर, प्रत्यक्षात शंभराच्या आसपास माणसे असत. इथे ५१ कर्मचाऱ्यांत ते हाकले जाते. कालखंडाचा एवढा आव आणायचा तर ही काटछाट खटकते.

निळी_शाई

चौकस, दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर व्यवहारात आहे. शंभर चेहरे ओळखायला लावले असते तर तुम्ही पाचव्या दिवशी खेळ सोडला असता. पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की मेलेल्या माणसाजवळ उघडल्यावर भूतकाळ दाखवणारे घड्याळ तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत निमूटपणे स्वीकारले होते. चमत्काराने काय घडते ते दाखवले जाते. त्याचा अर्थ लावायला मात्र कोणताही चमत्कार मदतीला येत नाही, आणि माझ्या मते तेवढे पुरे आहे.

जुनी_ट्राम

गतकाळातल्या तपासाचा विषय निघालाच आहे तर ‘एल. ए. नॉयर’ या खेळाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तो मे २०११ मध्ये आला. काळ १९४७, गाव लॉस एंजेलिस, नायक युद्धावरून परतलेला पोलीस अधिकारी कोल फेल्प्स. सिडनीतल्या टीम बोंडी या संस्थेने शहराची जुनी हवाई छायाचित्रे समोर ठेवून रस्ते आणि इमारती उभ्या केल्या, आणि नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपून पात्रांवर बसवले, जेणेकरून साक्षीदार खोटे बोलत आहे की खरे हे आपण त्याच्या डोळ्यांवरून ओळखावे. मी तो दोनदा खेळलो. मोटारी, टोप्या, ट्राम, रेडिओवरची गाणी, सगळे मोहात पाडणारे आहे. तपशिलाचे प्रेम इतके की १९१६ च्या एका मूकपटासाठी बांधलेला बाबिलोनचा अवाढव्य देखावाही त्यात उभा आहे, जो १९४७ च्या कितीतरी आधी पाडला गेला होता. ही चूक मला आवडते, कारण तिथे गतकाळाच्या आतही आणखी एक गतकाळ साठून राहिला आहे.

पण तपास म्हणून तो फसतो. साक्षीदाराच्या बोलण्यावर ‘खरे’, ‘शंका’ किंवा ‘खोटे’ यांतले एक निवडायचे असते. तुम्ही सौम्यपणे ‘शंका’ निवडावी आणि फेल्प्सने समोरच्या बाईवर एकदम खेकसावे, असे इतक्या वेळा घडते की आपण प्रश्न विचारत नसून सोंगट्या टाकत आहोत असे वाटू लागते. शिवाय सुगावा जवळ आला की संगीत वाजते, हातातले यंत्र थरथरते, आणि सगळे सुगावे संपले की संगीत थांबते. म्हणजे खोलीत पाहण्यासारखे आणखी काही नाही, हे सुद्धा तुम्हाला कानात सांगितले जाते. ओब्रा डिनमध्ये शोध संपला हे कोणी सांगत नाही. पुस्तकातल्या धूसर चेहऱ्याची धूसरता गेली म्हणजे त्याला ओळखण्यापुरते पुरावे तुमच्या समोरून गेले आहेत, एवढीच सूचना मिळते. मला ही वागणूक सन्मानाची वाटते.

अग्निशेष

जुनी_ट्राम, चेहऱ्यावरून खोटे ओळखण्याबद्दल माझ्या धंद्यातला अनुभव असा की घामेजलेला माणूस बहुधा निर्दोष असतो. त्याचे दुकान नुकतेच जळालेले असते. मी चेहऱ्यांवर कधीच विसंबलो नाही. कदाचित म्हणूनच मला ओब्रा डिन अधिक मानवला.

डब्लिनकर

इथे आयर्लंडमध्ये राहून एक अनपेक्षित फायदा झाला. खेळात काही माणसे त्यांच्या बोलण्याच्या हेलावरून ओळखावी लागतात, आणि खाली उमटणाऱ्या अक्षरांत हेल दिसत नाही. सुरुवातीला इकडे आले तेव्हा मला सगळेच गोरे एकसारखे बोलतात असे वाटायचे, जसे परक्या माणसाला मालवणी आणि वऱ्हाडी सारखीच वाटेल. आता एका प्रसंगात अंधारातून आवाज आला आणि दुसऱ्याच शब्दाला मी नवऱ्याला म्हणाले, हा आपल्या कोपऱ्यावरच्या खाटकासारखा बोलतो. नामावलीत आयरिश किती, त्यांतले कोण ओळखायचे राहिले, असे करत दोन मिनिटांत नाव सापडले. ज्यांना हे हेल कळत नाहीत त्यांनी निराश होऊ नये. बहुतेक माणसांकडे जायला दुसरी एखादी वाट ठेवलेली असते. कानांवर चांगला हेडफोन मात्र हवाच.

रात्रपाळी

आणखी एक व्यावहारिक सूचना. मृत्यूची रीत यादीतून निवडताना ‘चिरडला’ की ‘ठेचला’ अशा शब्दच्छलात अडकून रात्र घालवू नका. बऱ्याच ठिकाणी खेळ एकाहून अधिक उत्तरे मान्य करतो. तीन नावे पक्की होत नसतील तर बहुधा चूक नावात असते, रीतीत नसते.

नाखव्याची_लेक

थोडे विषयाच्या कडेने, पण राहवत नाही. जहाज १८०२ मध्ये निघाले. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, आणि पुढच्या सप्टेंबरात असईची लढाई झाली. म्हणजे हे जहाज कथेत बेपत्ता होत होते तेव्हा तीच कंपनी इकडे पेशवाई गिळत होती. लंडनच्या ज्या कचेरीत साठ माणसांचा हिशेब मांडला गेला, तिथल्याच दुसऱ्या टेबलावर आपला मांडला जात असणार. खेळात याचा उल्लेख नाही आणि तो असायला हवा होता असेही मी म्हणत नाही, पण त्या पुस्तकाची पाने भरताना मला ते विसरता आले नाही.

जुनी_ट्राम

अग्निशेष, तुमच्या मूळ प्रश्नाकडे कोणीच वळले नाही. ४५ वर अडलात म्हणजे बहुधा डोलकाठीवर चढून शिडे सांभाळणारे खलाशी राहिले असणार. त्यांना बोलायला वाक्ये नाहीत, गणवेश नाही, आणि त्यांतले चौघे एकाच देशाचे आहेत, त्यामुळे देशावरूनही भागत नाही. तुम्ही त्यांचे चेहरे निरखत बसला असाल. ते सोडा. माणसे हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगलेल्या झोळ्यांत, झोपलेली आहेत अशा दृश्यात पुन्हा जा. प्रत्येक हॅमॉकला क्रमांकाची पट्टी असते आणि नामावलीतही क्रमांक असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पांघरुणामुळे तोंड दिसत नाही, म्हणून तुम्ही तिथून परत फिरला असाल.

याहून जास्त मी सांगणार नाही, कारण पुढचे तुम्ही स्वतःच वर लेखात लिहून ठेवले आहे. भिवंडीचा परिच्छेद वाचा.

निळी_शाई

वा! हे माझ्याही लक्षात आले नव्हते. मी त्या चौघांपाशी नावे फिरवली होती, आता सांगायला हरकत नाही.

अग्निशेष

काल रात्री साडेअकराला बसलो. हॅमॉक एका ओळीत टांगलेले, पट्ट्यांवर क्रमांक, आणि कडेने बाहेर आलेली पावले. मी या दृश्यातून याआधी किमान सहा वेळा गेलो होतो आणि दर वेळी तोंडे झाकलेली आहेत म्हणून पुढे निघून गेलो होतो. काल खाली वाकलो. एकाच्या पायातले पादत्राण दुसऱ्यासारखे नव्हते. ते लक्षात ठेवले आणि मग बाकीच्या सगळ्या मृत्यूंमधून फक्त पाय पाहत हिंडलो. वादळात दोरावर चढलेले पाय, डेकवर पळणारे पाय, आणि एका ठिकाणी पालथ्या पडलेल्या माणसाचे पाय. कागदावर चार रकाने आखून पट्टीचा क्रमांक आणि पादत्राणाचे वर्णन लिहिले, कामावर लिहितो तसेच.

पावणेदोनला तीन नावे छापील झाली. बायको उठून पाणी प्यायला आली होती. तिला मी पुस्तकाचे पान दाखवले, ती ‘बरं’ म्हणाली आणि झोपायला गेली. आकडा आता ४८ आहे. चौथ्याच्या बाबतीत पट्टी सापडली आहे, पाय सापडले आहेत, पण तो कसा मेला ते अजून नक्की होत नाही. आज पुन्हा बसतो.